तिसऱ्या फटक्यानंतर

"तीन झाले होते ना दादा, म्हणून मी थांबले," असं ती म्हणाली आणि वर हसली. डाव्या हाताला बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टर, भुवईच्या वर चार टाके, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली, आणि पोरगी हसतेय. औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभी राहून "ही जेवणाआधी, ही जेवणानंतर" सांगताना हसते ना, तेच हसू. क्लास सुटला होता, मी खाली वाकून सूटच्या पायाचे पट्टे सोडत होतो. माणूस वाकलेला असला की कानात पडलेलं जरा जास्तच खोल जातं. पट्टा हातात तसाच राहिला. "काय तीन झाले होते?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, कळलं होतं. पण कळलेलं परत ऐकायची माणसाला खोड असते, दुखऱ्या दाताला सारखी जीभ लावावी तशी. "फटके हो," ती म्हणाली. "कोपर, गुडघा, तळहात. तिन्ही बरोब्बर बसले. मग थांबले. तुम्ही पडता ना."

तुम्ही पडता ना. पडतो. अकरा वर्षं झाली, पडायचंच काम करतो. सूट म्हटलं की लोकांना लग्नाचा आठवतो. माझा सूट म्हणजे दोन गाद्या एकमेकींना शिवून मधे माणूस कोंबलेला. छातीला फोम, मांड्यांना फोम, नको तिथं डबल फोम, आणि डोक्यावर हे एवढं हेल्मेट, डोळ्यांच्या जागी जाळी. त्याला मी मडकं म्हणतो. मडक्यात शिरलं की जग जाळीएवढं होतं, आणि आपलाच श्वास आपल्याला परत मिळतो, परवाच्या घामाच्या वासासकट. बायका क्लासला येतात, जीव कसा वाचवायचा ते शिकायला. बाई शिकवतात. मी अंगावर जातो. केस धरतो, गळा धरतो, मागून मिठी घालतो, तोंडानं घाण घाण बोलतो, त्या मला हाणतात, मी पडतो. सगळे मला अस्वल म्हणतात, नव्या पोरी अस्वलदादा म्हणतात. बाईंचं म्हणणं, हवेत हात मारून काही येत नाही, खरा माणूस अंगावर आला पाहिजे. तो खरा माणूस म्हणजे मी. खरा माणूस म्हणे.

त्या पोरीला आम्ही चष्मेवाली म्हणायचो. तिचं झालं ते असं. दुपारी चारची वेळ, दुकान उघडायला घरातनं निघालेली. लिफ्ट बंद, म्हणून जिन्यानं खाली येत होती. एक माणूस वर चढत होता, अंग चोरून तिला वाट दिली, सभ्य माणसासारखी. आणि ती दोन पायऱ्या उतरली तशी मागून गळ्यात हात. तिनं सगळं शिकवल्यासारखं केलं हो. श्वास पोटात घेतला. हनुवटी खाली दाबली. पोटातनं आवाज काढला, "सोड!" कोपर मागं मारलं, वळली, गुडघा घातला, तळहात नाकावर. माणूस भिंतीला टेकला, नाक धरून. तिच्या मागं सात पायऱ्या, आणि सात पायऱ्यांखाली रस्त्याचं दार, सताड उघडं. दारातनं उजेड येत होता म्हणाली, पायऱ्यांवर पडला होता. आणि ती थांबली. एक पाऊल मागं सरली. आणि डावा हात पुढं केला.

"हात कशाला पुढं केलास?" माझ्या तोंडातनं निघून गेलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिची थट्टाच करतोय. "तुम्हाला उठवायला देतो ना हात," ती म्हणाली. "मला कळतच नव्हतं दादा, मी काय करतेय. तो माणूस पडला पण नव्हता, आणि माझा हात पुढं." त्यानं तो हात धरला आणि कठड्यावर पिरगळला, तिचं कपाळही तिथंच आपटलं, चष्म्यासकट. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून "कोण आहे रे?" म्हणालं म्हणून बरं. पर्स घेऊन पळाला. ती म्हणाली, मोडल्याचा आवाज आधी आला, दुखायला नंतर लागलं. आणि परत हसली. मी म्हटलं, "बस पोरी, पाणी पी."

घरी गेलो तर बायकोनं गरम पाण्याची पिशवी तयारच ठेवलेली. क्लासच्या दिवशी असतेच. "आज कितीजणींनी धुतला?" तिचा ठरलेला प्रश्न. "चौदा." "दुसऱ्यांच्या बायकांचा मार खाऊन येता, घरच्या बायकोला काही उरवत नाही," हा तिचा ठरलेला विनोद, आणि मी ठरलेला हसतो. त्या दिवशी हसलो नाही. तिनं पिशवी मानेखाली सरकवली आणि तिथंच उभी राहिली. मी छताकडं बघत होतो. मला तो पहिला दिवस आठवत होता, मी पहिल्यांदा तीनवर पडलो तो. सुरुवातीला असं नव्हतं. सुरुवातीला बाईंनी सांगितलं होतं, खरंच लागल्यासारखं वाटलं तरच पडा. मी प्रामाणिकपणे करायचो. पण एका तासात चौदा बायका, आणि त्यातल्या निम्म्या अशा मारायच्या, जशी माशी हाकलतात. पडलो नाही की त्यांचं तोंड उतरायचं. एक तर रडायला लागली, म्हणाली, माझ्यात जोरच नाही. आणि माझे गुडघे. अख्खी जवानी लोकांची कपाटं चौथ्या मजल्यावर चढवण्यात गेलेली, गुडघ्यात राहिलंय काय? मग एकदा तिसऱ्या फटक्याला पडलो, धाडकन, चांगला आवाज करून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई अशी फुलली की काय सांगू. मग पुढचीला तीनवर. मग तिच्या पुढचीला. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. माझ्याच अंगानं ठरवलं.

आणि हाताचंही माझंच. सूट घालून पडलं की उलटं कासव होतं माणसाचं. हातपाय हलतात, पण उठता येत नाही. एकदा पडल्या पडल्या मी म्हटलं, "अहो ताई, मारलंत ते मारलंत, आता हात तरी द्या!" अख्खा हॉल हसला. हसण्याची गोष्ट होतीच. मग प्रत्येकीनं हात द्यायला सुरुवात केली. तीन फटके, मी पडणार, हात, मी उठणार, "थँक्यू ताई", पुढची. डावा हात द्यायच्या, कारण उजवा मारून दुखायचा. अकरा वर्षं. किती बायका झाल्या असतील? तितक्या बायकांच्या डाव्या हातात मी ते घालून ठेवलंय. कुठल्या कुठल्या जिन्यात, कुठल्या गल्लीत त्या चालत असतील, आणि त्यांच्या हातात माझी ती मस्करी बसलेली असेल, वेळेची वाट बघत. "काय झालंय?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं. तिनं पिशवी मानेखालनं काढून घेतली आणि झाकण घट्ट करत बसली, घट्टच होतं ते. मग म्हणाली, "तुम्हाला पडायची सवय, आणि उठवायची सवय आम्हाला. त्या पोरीचं काय चुकलं?"

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. काम म्हणजे लोकांची घरं हलवायचं. आता मी उचलत नाही, उचलणाऱ्यांवर ओरडतो, "डावीकडून घे, कोपरा सांभाळ, भिंत त्यांच्या बापाची आहे." एका घरात सुतार पलंग जोडत होता. खिळा ठोकला, एक, दोन, तीन, आणि माझा श्वास अडकला. चार. पाच. खिळा अजून अर्धा बाहेर. सहा. सुतार घाम पुसून म्हणाला, "लाकूड जुनं आहे मालक, ऐकत नाही." मी तिथनं बाहेर आलो. ऐकत नाही. का ऐकावं त्यानं? त्याला कुणी शिकवलंय तीनवर आत जायला? शेजारचं दार कुणी वाजवलं, तीनदा, थांबलं. लिफ्टचं बटण दाबलं, तीनदा. मला वाटायला लागलं, जग सगळं तीनवर थांबतं आणि वाट बघतं. आणि ज्याला पडायचं नसतं तो पडत नाही, आणि मग तोच हात धरतो. रिकामी खोकी जिन्यात रचून ठेवली होती, मी त्यांच्यावर बसलो. जिना. मला जिन्यात बसलं की एकच गोष्ट आठवते.

वीसेक वर्षं झाली असतील. अशीच एका घराची हलवाहलवी. नवरा घरी नसताना बायको सामान हलवत होती, असं सामान आम्हाला लगेच ओळखू येतं. त्यात भांडी अर्धी असतात, चादरी अर्ध्या असतात, फोटो एकही नसतो. तिचं म्हणून एक कपाट होतं, शिसवी, आरशाचं, डोंगरासारखं जड. मी वरच्या बाजूला, माझा जोडीदार खालच्या बाजूला, पाठ रस्त्याकडं. मधल्या वळणावर आलो आणि वरनं नवरा आला. गच्चीवरनं आला की कुठनं, देव जाणे. हातात भाजी चिरायची सुरी. ती माझ्या बरगडीला लावली आणि बोलायला लागला, तिच्याबद्दल, माझ्याबद्दल, कपाटाबद्दल. मी लोकांना ही गोष्ट सांगतो तेव्हा लोक म्हणतात, काय धीर रे तुझा. धीर कसला डोंबलाचा! माझे दोन्ही हात कपाटाखाली. सोडलं असतं तर जोडीदार खाली चेपला असता, त्याच्या मागं ती बाई होती. मी हलूच शकत नव्हतो. जो हलू शकत नाही त्याला शांत राहण्याशिवाय काय उरतं? सुरीचं टोक शर्टातनं आत आलं, थंड, मुंगी चावल्यासारखं. आणि माझं डोकं एवढं निवळलं की आरशात मला त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. मी म्हटलं, "साहेब, आधी कपाट खाली ठेवू द्या. मग भोसका. आरसा फुटला तर शिव्या मला बसतील." आणि तो माणूस थांबला हो! खरंच थांबला. कुणी हळू आवाजात काम सांगितलं की माणूस ऐकतो कधी कधी. आम्ही एक एक पायरी उतरलो, तो सुरी लावून माझ्याबरोबर एक एक पायरी उतरला, जसा काही तोही आमच्यातलाच हमाल. कपाट तळाला टेकलं तेव्हा बाई गेलेली होती. एक चप्पल पायरीवर राहिली होती. त्यानं ती चप्पल बघितली, मग दार बघितलं, आणि सुरी हातात घेऊन पायरीवर बसला.

ती चप्पल मी कपाटात ठेवून नव्या घरी पोचती केली. ती बाई म्हणजेच आमच्या बाई. नऊ वर्षांनी त्यांनी मला शोधून काढलं, म्हणाल्या, क्लास काढलाय, अंगावर येणारा माणूस पाहिजे, तुम्ही याल का? मी म्हटलं, "बाई, मी चौथी पास, मला काय येतं?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला सुरी लावलेली असताना गप्प उभं राहता येतं. बाकी फोम लावू." पहिल्या दिवशी मडकं घालून मी विचारलं, अंगावर जाताना बोलू काय? त्या म्हणाल्या, "त्या दिवशी जिन्यात जे ऐकलंत, ते बोला." तेच बोलतो मी अजून. शब्द न् शब्द. बाई समोर उभ्या राहून ऐकतात, आणि पोरींना सांगतात, "शब्दांकडं लक्ष देऊ नका. हातांकडं बघा. शब्द मारत नाहीत, हात मारतात." आणि दर क्लासला चार-पाचदा विचारतात, "दार कुठाय?" सगळ्यांनी बोट करायचं, "तिकडे!" दार बंद असतं, वरचे लोक आरडाओरड्याची तक्रार करतात म्हणून. गाद्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला, तिथं खिडकी आहे म्हणून. अकरा वर्षं आम्ही बंद दाराकडं बोटं केली. एकही बाई कधी त्या दारातनं पळाली नाही. पळणार कशी? हात द्यायला थांबायची ना.

बाईंना सांगायचं मला आठ दिवस धाडस झालं नाही. सुरीपुढं उभं राहिलो, पण हे जमेना. शेवटी एका दुपारी क्लास सुटल्यावर, त्या गाद्या पुसत होत्या, मी म्हटलं, "बाई, ते तीनचं माझं आहे. मी मुद्दाम पडतो. गुडघ्यांपायी." त्या पुसत राहिल्या. "माहीत आहे," म्हणाल्या. "कधीपासनं?" "पहिल्या महिन्यापासनं. मला मोजता येतं." मला राग आला, खरं सांगतो. "मग बोलला का नाहीत?" बाईंनी फडका पिळला, त्यातनं पाणी निघालं नाही. "बायका हसत घरी जायच्या," त्या म्हणाल्या. "येताना कशा यायच्या ते बघितलंय ना तुम्ही? आणि जाताना हसत. मला ते बघायला बरं वाटायचं. मला वाटलं, तेवढं तरी." आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या गादीच्या दोन टोकांना उभे होतो, जसं काही मधे कपाट आहे आणि कुणी आधी खाली ठेवायचं ते ठरत नाहीय.

प्लास्टर निघाल्यावर आठवड्यानं चष्मेवाली आली. हात बारीक झालेला, पांढरट, भाताच्या पेंढ्यासारखा कोरडा. चष्म्याला काडी नवी लावली होती. सोमवारपासनं दुकानात परत जाणार होती, त्याच जिन्यानं. लिफ्ट अजून बंदच होती. ती सरळ माझ्याकडं आली. "दादा, आज पडू नका." "किती वेळ?" "मला काय माहीत? पडू नका म्हणजे पडू नका." मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "त्यांची मान बरी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, उशीसुद्धा पातळ घ्या." खरं होतं ते. मानेचे दोन मणके घासलेत, फोटोत दिसतात, डॉक्टर म्हणाला, जोरात झटका बसला तर हातच उचलणार नाही. बायको तेव्हा म्हणाली होती, "बघा, म्हणजे चहा मलाच पाजावा लागणार." चष्मेवालीनं माझ्या मानेकडं बघितलं आणि खाली बघायला लागली. म्हणाली, "मग राहू दे दादा." इतक्या चटकन म्हणाली ना. दुसऱ्याचं दुखलं की लगेच मागं सरायची सवय. हीच तर सवय मोडायची होती. मी मडकं उचललं. म्हटलं, "राहू दे काय? मानेला फोम आहे. तू तुझं बघ." बाईंनी गादीचं टोक धरलं आणि ओढायला लागल्या, दाराकडं. बाकीच्या बायका धावल्या. सगळ्या गाद्या दारापाशी आल्या. मग बाईंनी कडी काढली आणि दार उघडलं. जिन्यातनं गार वारा आत आला. हॉलला तेवढं एक भोक पडल्यासारखं वाटलं.

मडक्यात शिरलो. जाळीतनं ती दिसत होती, पाठमोरी, उभी. आत माझा श्वास, खरखर, खरखर. मी भीत होतो. मार खायला नाही भ्यालो कधी. भीती वाटत होती ती न पडण्याची. न पडलेला मी कसा असतो ते मलाच माहीत नव्हतं. मागून जाऊन गळ्यात हात घातला आणि जिन्यातले शब्द सुरू केले. ती दगड झाली. एक क्षण, दोन क्षण. मग पोट हललं, श्वास खाली गेला, मला माझ्या हाताला कळलं ते. "सोड!" कोपर बसलं, फोमच्या कडेला, बरगडीला लागलं. वळली. गुडघा. तळहात जाळीवर, मडकं मागं झालं. तीन. आणि माझे गुडघे वाकायला लागले, बरं का. मी वाकवले नाहीत. आपणहून वाकले, बैल गोठ्याकडं वळतो तसे. त्यांना कोण सांगणार की आज नाही? मी निम्मा खाली गेलो होतो, तेवढ्यात मला हातात ते कपाट लागलं. खरंच लागलं, शिसवी, कडा बोटांत रुतली. खाली जोडीदार आहे. सोडायचं नाही. मी गुडघे ताठ केले, कुठं तरी कट्ट झालं, आणि उभा राहिलो.

ती थांबली होती. हात खाली. एक पाऊल मागं, आणि तो डावा हात, बारीक, पांढरट, पुढं आला. चौदा बायकांनी बघितला तो. कुणी तरी "अगं" म्हणालं. मी तो धरला. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. पिरगळायचं म्हणजे किती पिरगळायचं? त्यानं पिरगळलं तेवढं नाही, पण थट्टा वाटेल इतकं कमीही नाही. मी पिरगळला. तिचा चेहरा जाळीपुढं, रंग उडालेला, चष्मा वाकडा. डोळे माझ्याकडं बघतच नव्हते, त्या जिन्यात बघत होते. माझ्या जिभेवर आलं होतं, पोरी, श्वास घे. दाताखाली दाबून धरलं. तो माणूस म्हणाला नसता. तो म्हणाला नसता ते मी म्हणालो, की ती परत माझ्या हाताची वाट बघणार. मी शिव्या देत राहिलो आणि आत मडक्यात माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, पुसता येत नाही हो ते, हात आत जात नाही. खूप वेळ गेला. दोन सेकंद असतील. मग परत तिचं पोट हललं.

चौथा कुठं बसला ते सांगतो, पायावर, टाचेनं, बोटं चिरडली. पाचवा हनुवटीखाली. मानेत वीज चमकली, थेट डाव्या करंगळीपर्यंत. त्यानंतर मला आकडा माहीत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला आकडा माहीत नाही. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, शांतपणे मारत होती, जसा तो सुतार. माझी पकड सुटली. मी सोडली नाही, सुटली. जाळीत एकदम कुणी नव्हतं, नुसतं दार होतं, आणि जिन्यात पावलं, अनवाणी, धप धप धप, खाली खाली. आणि तेव्हा मी पडलो. कुणासाठी नाही, आपला पडलो, पोतं पडतं तसा. पडल्यावर माझा हात वर गेला. सवय. वर गेला आणि तिथंच राहिला. कुणी आलं नाही. सगळ्या बायका दाराकडं बघत होत्या. बाई खिडकीकडं धावल्या. मी खालनं विचारलं, "कुठवर गेली?" बाई म्हणाल्या, "फाटकाबाहेर." जरा वेळानं म्हणाल्या, "कोपऱ्यापर्यंत." मग त्यांचा आवाज बदलला. "अजून पळतेय हो."

मी करंगळी हलवून बघितली. हलली. मग कुशीवर वळलो, कोपर टेकलं, गुडघा टेकला, भिंत धरली. उलटं कासव उठू शकतं, वेळ लागतो इतकंच. अकरा वर्षं उगाच हात मागितले. दाराशी तिच्या चपला होत्या, साध्या, पट्ट्याच्या, शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या. त्या उचलल्या आणि सूटसकट जिना उतरलो. बाई म्हणाल्या, "अहो, मान!" मी म्हटलं, "आहे जागेवर." रस्त्यावर मडकं काढून काखेत मारलं. लोक बघत होते. बघणारच, भरदुपारी एक अस्वल हातात बायकी चपला घेऊन चाललंय. एकानं विचारलं, "जाहिरात कशाची?" मी म्हटलं, "चपलांची."

ती कोपऱ्याच्याही पुढं, एका बंद दुकानाच्या शटरला टेकून उभी होती, गुडघ्यांवर हात, धापा टाकत. मला बघितलं आणि सरळ झाली. "तिथंच थांबा!" पोटातनं आवाज. रस्त्यावरची दोन माणसंसुद्धा थांबली. मी थांबलो. चपला जमिनीवर ठेवल्या, चार पावलं मागं सरलो, दोन्ही तळवे उघडे करून वर धरले. हात पुढं केला नाही. ती सावकाश आली. पायानं चाचपडत चपला शोधल्या, डाव्या चपलेत उजवा पाय गेला, पट्टा उलटा झाला, पण तिनं खाली बघितलं नाही. माझ्या हातांकडं बघत होती. मान अशी ठणकत होती की डोळ्यांपुढं काजवे येत होते. मी हात तसेच वर धरून उभा राहिलो.